कंपनीचे बारा रुपये

"हॅलो?… हॅलो?… कोन बोलतंय?"

शालूबाईंनी फोन उलटाच धरला होता. नूरमहंमदशेटनी तो सुलटा करून दिला आणि स्वतः आपल्या लाकडाच्या वखारीच्या दारात जाऊन उभे राहिले. मुंबईहून फोन आलाय म्हटल्यावर कुणीतरी गेलं, असं धरूनच बाई बाजारपेठेतून पळत आल्या होत्या.

"लीला? अगं, तूच व्हय?… पोरं बरी हाईत न्हवं?… आन पावनं?… मंग फोन कशापायी? जीव गोळा झाला की गं माजा!… पावन्यांच्या हापिसातनं? बरं, बरं, बोल."

लेक आणि जावई दोघं सुखरूप म्हटल्यावर बाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"व्हय, मीच धाडलं हुतं पावन्यास्नी त्या ठेवीच्या कंपनीत. तुज्या आबांच्या डोळ्यापायी. मोतीबिंदू पिकलाय, डाक्टर शंभर रुपय म्हनतोय. म्हनलं, ठेवीतलंच काडून घ्यावं… मंग, दिलं का?… कुलूप? सुट्टी आसंल कसली तरी… काय म्हनलीस?… समदी बुडाली?… दोन हजारातलं कायबी न्हाई?"

बाई सागाच्या ओंडक्यावर मटकन बसल्या. त्यांच्या यजमानांनी, अंबाजींनी, लोणावळ्याच्या इंजिन शेडमध्ये एकतीस वर्षं फिटरची नोकरी केली. रेल्वेत त्यांना पेन्शन नव्हती, फंडाचे दोन हजार एकदम हातात पडले. जन्मभराची कमाई ती एवढीच.

"माजंच चुकलं गं… अगं ऐक ना, माजंच! आबा पोस्टातच ठिवू म्हनत हुतं. म्या हट्ट केला… तुला आठवतंय ना, बजरंगभावजी गेलं तवा? जर्मनच्या लढाईतनं आल्यालं, पलटनीची पेन्शन खात हुतं ऐटीत. ते सरनावर गेलं आन पेन्शनबी गेली. त्यांची नंदाबाई लोकांच्या रानात खुरपायला जाती आजून… ते बगून मला भ्या वाटलं. एजंट म्हनला, बाई, कागद तुमच्या नावाचा करून देतो, धनी न्हाई ऱ्हायलं तरी बारा रुपय येत ऱ्हातील… देवाशेजारी लावलाय गं त्यो कागद. दसऱ्याला हळदकुकू वाहिलं मी त्याला!"

एजंटाचं बोलणं किती गोड होतं, ते त्यांना आत्ताही जसंच्या तसं ऐकू येत होतं.

"रडू नगंस. ऐक. आबास्नी यातलं कळू देऊ नगंस… न्हाई, एवड्यात न्हाई. हाय खातील ते… कदी बंद पडली म्हनलीस?… संक्रातीला?"

बाईंचा चेहरा एकदम खुलला.

"हात्तिच्या! पावन्यांचा कायतरी घोटाळा झालाय. अगं, बारा रुपय येत्यात की म्हैन्याच्या म्हैन्याला! परवा एक तारखंला आलं… पोस्टमन? न्हाई, पोस्टमन न्हाई येत आता. आबाच आनत्यात पोस्टातनं. डोळ्यानं दिसत न्हाई तरी जात्यात… कवापासनं म्हंजी… थांब हां… संक्राती…"

बाईंनी बोटांवर महिने मोजले. पलीकडून लीला बोलत राहिली.

"दरवान म्हनला? कोन म्हातारा?… लोनावळ्याचा?… पितळी बटनांचा रेल्वेचा काळा कोट… पायरीवर दिवसभर बसून हुता?… पन मुंबईला गेलं त्या दिशी ते तुज्याकडं आलं हुतं न्हवं? मला तसंच सांगितलं… न्हाई आलं?… पानीबी न्हाई प्यालं तुज्या घरचं?"

पूर्वी मनिऑर्डर यायची तेव्हा एक दहाची नोट आणि दोन बंदे रुपये असत. संक्रांतीपासून मात्र अंबाजी रुमालात बांधून चिल्लर आणत, पावल्या, आणे, ढब्बू पैसेसुद्धा. पोस्टमास्तरला चांगलं सुनवा एकदा, असं बाईंनी त्यांना दोनदा सांगितलं होतं.

"लीला… आबा रोज वळवनच्या धरनावर जात्यात. वारा खायला… सकाळी जात्यात ते दिवे लागायला येत्यात… धोतर धुताना पांढरा धुरळा निघतो. म्या रोज भांडते, धरनावर बसता का धुळीत लोळता म्हून… हाताला चिंधी गुंडाळल्याली आसती. म्हनत्यात, काटा लागला… घाटात सडकंचं काम चाललंय गं. खडी फोडत्यात तितं… त्या डोळ्यानं, लीला! त्या डोळ्यानं खडी फोडत्यात माजं मालक!"

शेट दारातून वळले आणि पुन्हा बाहेर बघू लागले. बाई झरझर बोलू लागल्या.

"न्हाई, बोलायचं न्हाई त्यास्नी. मला कळलं म्हून चिट्टीतबी लिवू नगंस… अगं, माज्यापायीच लपवलंय त्यांनी. माजा कागद म्हून. उद्या मला कळलं आसं कळलं, तर मान वर करायचं न्हाईत… काम सोडवनारच की, पन हळूहळू! ऐक ना. तुंगार्लीच्या पारशिनीला सैपाकाला बाई पायजे. जाईन मी, डोळ्याचं पैसं साठवीन. त्यास्नी सांगीन, देवळात पोथी लागलीया… व्हय, व्हय, करीन बराबर… आन एक तारखंला रुमाल सोडला की म्हनीन…"

मध्येच फोनवर एक्स्चेंजमधलं कुणीतरी इंग्रजीत काही बोललं. मग खट्ट झालं.

"हॅलो?… म्हनीन, दोघा म्हाताऱ्यांना कशाला लागत्यात येवडं? कंपनीला कळवा म्हनीन… पुढच्या म्हैन्यापास्नं सा रुपयच धाडा… लीला?… सा बी लय झालं आमाला… हॅलो?"