दादा नव्या विमानतळावर

आता मला सांगा, एका शहराला दोन-दोन विमानतळ लागतातच कशाला हो? एकच बांधा ना, मोठा बांधा! तुम्हाला सांगतो, माझा दादा गेला. परदेशात बंदरावर क्रेन चालवायचा, झोपेतच गेला. तिथल्या कंपनीनं त्याला विमानानं पाठवलं आणि आणायला निघालो मी! आई एवढंच म्हणाली, "त्याला एकटं ठेवू नकोस रे." म्हटलं, आई, तू काळजीच करू नकोस. आणि जाऊन उभा कुठं राहिलो? जुन्या विमानतळावर! दर सुट्टीला दादा तिथंच उतरायचा ना, पाय आपोआप वळले. बरं, तिथं तरी कुठं? माणसं बाहेर येतात त्या दारासमोर! दार उघडलं की मी टाचा उंच करून बघतोय... काय बघत होतो हो मी? बॅगा ढकलत येणार होता तो? शेजारी फुगे घेतलेली एक ताई, मला विचारते, "तुमचं कोण येतंय?" म्हटलं, "भाऊ." "अय्या, किती वर्षांनी?" आता काय सांगू तिला!

शेवटी चौकशीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "अहो, शवपेटी मालाच्या गोदामात येते. आणि तुमचं विमान नव्या विमानतळावर उतरलंय. तासाभराचा तर रस्ता." गोदामाचा नंबरही दिला, भली बाई. मी फोन लावला आणि सुरूच झालो, "मी त्याचा सख्खा भाऊ! जुन्या विमानतळावर उभा आहे! माझ्या दादाला आत्ताच्या आत्ता इकडे पाठवा!" पलीकडचा म्हणतोय, "थांबा साहेब, बघतो..." थांबतोय कोण! फोन कापला, टॅक्सीत बसलो.

टॅक्सीवाले काका म्हणाले, "तासाभराचा तर रस्ता." आणि पहिल्याच पुलावर ही गाड्यांची रांग! मी मोबाईलवरचा नकाशा काकांच्या नाकासमोर धरला. "हे बघा, दोन बोटांचं अंतर आहे, आणि रस्ता लाल दाखवलाय, म्हणजे मोठा असणार!" काका म्हणाले, "लाल म्हणजे तुंबलाय, बाळा." मी सातवी नापास, मला काय ठाऊक!

त्यात फोन सारखा वाजतोय. न बघताच ठरवलं, आईच असणार. उचलून सांगू काय? दादा हरवला? फोन मांडीखाली दाबला. मग राहवेना, दार उघडून पळतच सुटलो! मागून काका ओरडले, "अरे, अर्धा रस्ता बाकी आहे!" धापा टाकत परत येऊन बसलो. काकांनी पाण्याची बाटली पुढे केली. "कोण आहे तिकडे?" "भाऊ... पेटीत." "थोरला?" मी मान हलवली. काका मिळेल त्या फटीतून गाडी पुढं काढू लागले. 'तासाभराचा तर रस्ता' असं मात्र पुन्हा म्हणाले नाहीत.

पोचलो एकदाचा. गोदामाच्या दारात मुकादम. "तुम्हीच का ते सख्खे भाऊ? अहो, किती फोन केले तुम्हाला! तुम्ही असे रडत होतात फोनवर..." मी रडत होतो? मला वाटलं, मी दरडावत होतो! "...म्हटलं, असू दे, वरच्यांना विनवलं, गाडी काढली, दिला पाठवून जुन्या विमानतळावर. आमचा एक माणूस शेजारी बसवलाय, एकटं नाही सोडलं. पोचलेही असतील. तासाभराचा तर रस्ता."

तिथंच फरशीवर बसलो. तुम्हाला सांगतो, जन्मभर मी दादाच्या मागं मागं. त्याचे जुने शर्ट घातले, त्याची जुनी सायकल चालवली, तो म्हणेल तिकडे गेलो. आयुष्यात एकदाच त्याला ओलांडून पुढं गेलो... आणि तेही उलट्या दिशेला!