चार आण्यांएवढा वण

(सौदी अरेबियातलं तबूक, २००९. कामगारांच्या कॅम्पात शुक्रवारची दुपार. मेसमध्ये स्वाइन फ्लूची लस टोचणं चालू आहे. रांगेच्या शेवटी वेल्डर जलाल आणि त्याचा फोरमन उमाकांत.)

जलाल : नाय काका, मी नाय टोचून घ्यायचो. हात लुळा पडतो म्हणतात. वेल्डरचा हात गेला की कफील, आपला मालक, नोकरी खलास करून घरी धाडील.

उमाकांत : कोण म्हणतं?

जलाल : सगळा कॅम्प! आणि वीस दिवसांनी मी रत्नागिरीला चाललोय. माझी पोर दुआ सात महिन्यांची झाली, अजून कुशीत घेतली नाय तिला. लुळ्या हातानं उचलू?

उमाकांत : माझ्या तोंडाकडे बघ.

जलाल : रोज बघतो की. चाळण झालीय नुसती.

उमाकांत : कशानं, ते कधी विचारलंस? मी पाच वर्षांचा होतो. देवीचा डॉक्टर गावात आला, तर आईनं मला भाताच्या कणगीत लपवलं. टोचलं की हात सडतो, असं सगळा गाव म्हणायचा.

जलाल : मग?

उमाकांत : सत्यभामा, माझी बहीण, नऊ वर्षांची. ती अंगणातच सापडली. तिला टोचलं. आई आठ दिवस रडत होती, पोरीचा हात गेला म्हणून. शिमग्यात मला देवी आल्या. मग आईला. आई वाचली नाही रे.

जलाल : या अल्ला.

उमाकांत : बाप मुंबईला गिरणीत. शेजारी उंबरा चढेनात. सत्यभामा मला पेज भरवायची, फोड पुसायची, माझ्याच गोधडीत निजायची.

जलाल : तिला नाय आल्या?

उमाकांत : डोळे उघडले तसा मी तिच्या अंगावर बोटानं शोधायचो, एखादा तरी फोड सापडतो का. कुठे काही नाही. दंडावर फक्त एक वण, चार आण्यांएवढा.

जलाल : तेवढ्यानं?

उमाकांत : तेवढ्यानं. आणि आज तो रोग जगात कुठेच नाही.

जलाल : कुठंच म्हंजे? इथं पण नाय?

उमाकांत : कुठेच नाही. गावंच्या गावं खाणारा रोग, माणसांनी एकेक दंड टोचत पार संपवला. आठवलं की अजून अंगावर काटा येतो बघ.

जलाल : ...आणि ताईंचा हात?

उमाकांत : त्याच हातानं तिनं मला कडेवर घेतलं, बरा झाल्यावरच्या पहिल्या आंघोळीला.

जलाल : काका, मी डावा पुढं करतो. दुआला उजव्यावर घेईन.