अर्ध्या दाबाचा क्लच

जवळ सरकून बसा मायबाप, होटगी रस्त्यावरच्या गॅरेजात स्कूटीचं पंक्चर काढायला थांबलेल्या सईच्या कानी काय पडलं, ते सांगतो. अजिनाथ मिस्त्री एका जुन्या, दोन सीटांच्या लाल स्पोर्ट्स गाडीखालून बाहेर आला, तसे कमलाकर सर पुढं झाले.

“क्लचची केबल सैल करून भागेल ना?”

“आता न्हाय भागत, सर. प्लेट जळालीय. एवढी ताणून कुणी बांधली?”

“मीच.”

“पेडलला बोटभर ढील लागतीच की! न्हायतर प्लेट सारखी घासती. तुमी शिकलेली मानसं…”

“गाडी अवधूतदादाची. साखरेच्या आजारानं त्याच्या डाव्या पायात जोरच उरला नाही रे. अर्ध्या दाबात क्लच सुटावा, म्हणून दर आठवड्याला आवळत गेलो.”

“मग आता त्यास्नी दुसऱ्या गाडीत बसवा, तुमी चालवा.”

“उद्या पाय कापणार आहेत त्याचा. आज शेवटचं, स्वतः चालवत करमाळ्याच्या देवीला जायचंय त्याला. नवी प्लेट बसव ना.”

“हितं कुटं मिळतीय ह्या गाडीची? मागवली तरी महिना लागंल.”

“सकाळपासून बूट घालून बसलाय तो.”

“पानी घ्या, सर.”

“तूच दादाला फोन कर. केबल तुटली म्हण. मी आवळली, हे सांगू नकोस.”

“त्यास्नी ठाव हाय. परवाच म्हनले, प्लेट जळल्याचा वास येतोय, पर कमलाकरला बोलू नको. लई मायेनं आवळतोय.”

माउली, करमाळ्याला देवीपुढं हात जोडाल, तेव्हा अवधूताचं नाव तेवढं आठवणीनं घ्या.