मी सोडलंय हो ते!

...छे! त्या मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, काढणाऱ्याचा पत्ता द्या मला! नाही, नाही, मारत नाही, मी सोडलंय हो ते! नुसतं विचारायचंय, की बाबा रे, तुझा तो निवृत्त मारेकरी मांजर कुरवाळत बसतो आणि त्याचा भूतकाळ वर्षातून एकदा येतो, तोही दार वाजवून! माझा रोज येतो. चपला न काढता!

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं माणसं मारली. मग गुडघे गेले, गच्चीवरून उडी मारवेना, सोडलं. कुलूपदुरुस्तीचं दुकान टाकलं. पण मी सोडलं म्हणून लोक मरायचे थांबतात का? वरच्या मजल्यावरचा तो मेला ड्रिलवाला, भल्या सकाळी भिंतीला भोकं! एकदाच म्हटलं, "अहो, आता पुरे." तिसऱ्या दिवशी गेला! हृदयविकार. वय ब्याऐंशी! मी तर तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसलो होतो! पण संध्याकाळी बोकड्या हजर. बोकड्या म्हणजे टोळीतला माझाच चेला, दाढीच तशी आहे. "उस्ताद! ना जखम, ना ठसा! आम्हाला कधी शिकवणार?" अरे गाढवा, मी सोडलंय ते! तर डोळा मारतो... "हो हो, सोडलंय. कळलं."

मग घरमालक गेला. न्यूमोनियाने! की परत हा बोकड्या, "न्यूमोनिया? कमाल केलीत!" आता जिन्यात मी दिसलो की अख्खी बिल्डिंग भिंतीला चिकटते. भांडायलासुद्धा माणूस उरला नाही हो!

शेवटी बायको कडाडली, "त्या म्हाताऱ्याकडून लेखी माफी आणा, नाहीतर मी चालले भावाकडे. कायमची!" म्हातारा म्हणजे टोळीचा मुख्य. आमच्यात सोडून जाणाऱ्याला संपवायची रीत. मला कुणी हात लावला नाही, कारण सगळे माझ्याच हाताखाली शिकलेले! सुटायचं तर म्हाताऱ्याची सही हवी. आणि दुसरी रीत... म्हाताऱ्याला जो संपवेल, खुर्ची त्याची.

गेलो. अर्ज ठेवला. म्हातारा बिस्कीट खात होता. त्याने वाचलं, "मला शांतपणे जगायचे आहे," आणि हसायला लागला हो! हसता हसता बिस्कीट अडकलं... डोळे पांढरे! मी धावलो, पाठीत धपके घातले, छाती दाबली. आयुष्यात पहिल्यांदा माणूस वाचवायला गेलो, आणि नेमका तोच मेला!

तेवढ्यात दार उघडलं. बोकड्या, मागे दहाजण. त्यांनी म्हाताऱ्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आणि सगळे कमरेत वाकले. "उस्ताद... बिस्किटाने?"

बसवलं की मला खुर्चीत! मी बोंबलतोय, अरे, माझा अर्ज! सही माझीच ना आता? मीच मला माफ करतो! तर बोकड्या अदबीने म्हणतो, "खुर्चीला माफी नसते, उस्ताद. खुर्ची सुटायची तर बसलेल्याला कुणीतरी संपवायला हवं."

"मग संपवा!"

"आम्ही? तुम्हाला?" बोकड्या दोन पावलं मागे सरकला. "ते काम जमेल असा हात आपल्याकडे एकच आहे..."

आणि अकराच्या अकराजण माझ्याकडे बघायला लागले. तिकडे बायको बॅग भरून बसलीय, आणि मी इथे त्या खुर्चीत, मेल्या म्हाताऱ्याचं उरलेलं बिस्कीट समोर... आता काय बोलणार? मी सोडलंय हो ते!