अंगारकीच्या सकाळचा आकडा

माझं माहेर गडबचं, पेणच्या अंगाला. बाबा मिठागरावर जायचे, आईची थोडी भातशेती, त्यामुळं घरात दोन गोष्टी कधी कमी पडल्या नाय, मीठ आणि भात. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री परत भात, आमच्याकडं जेवलीस का गो विचारायचं तर भात खाल्लास का असंच विचारतात. लग्न होऊन अष्टमी गावात आली, पूल ओलांडला की रोहा, तर इथं सासूनं मला उकडीचे मोदक शिकवले. माझी पारी बघाल तर पलीकडचं बोट दिसतं, उगाच बोलत नाय मी, रोह्यातली माणसं पूल ओलांडून माझ्याकडं मोदकाला येतात. संकष्टीला घरात पाय ठेवायला जागा नसते आणि मला तेच आवडतं, काय सांगू तुम्हाला, चार बायका बसल्यात, खोबरं किसतायत, सगळ्या गावाची उणीदुणी काढतायत, त्यात माझा जीव हाय.

मंग साखर निघाली. डॉक्टरबाई बोलली मावशी, भात कमी करा, मी बोलली बाई, दुसरं काय पण सांगा. पण घाबरली होती मी, खोटं कशाला बोलू. आमच्या मालकांचा पाय साखरेपायीच कापायला लागला आणि मंग ते पण गेले, ते सगळं माझ्या पोरानं, नरेशनं, डोळ्यांनी बघितलेलं. त्यानं बोट टोचायचं मशीन आणलं आणि वर अट घातली, आये, आकडा चढला तर मोदक बंद. कंपनीत शिफ्ट करतो ना, घरात पण नियम लावतो. मी बोलली बरं. गोळी टायमावर, नाचणीची भाकरी, आधी वालाचं बिरडं नाय तर मच्छी आणि भाजी पोटभर खायची, भात शेवटी, वाटीएवढाच, आणि संध्याकाळी पुलावरून चालून यायचं. बिनसाखरेचा चहा पिताना पहिले काही दिवस मला रडू यायचं, आता कोणी साखरेचा दिला तर तोंड वाकडं होतं. आकडा उतरला. सारण पण मी चाखत नाय, गूळ मुरून ते कढई सोडायला लागलं की वास बदलतो, त्यावरच कळतं.

तर अंगारकी आली. ऑर्डर मोठी, म्हणून मी उठल्या उठल्या गॅसपाशी गेली, नाय तर रोज आधी बोट टोचते. गूळ फोडला, सारण हलवलं, तेवढ्यात सून, रोशनी, मशीन घेऊन आली, आई बोट द्या. मी हात पदराला पुसले, मशीन हातात घेतलं आणि टोचलं. आकडा तीनशेच्या वर.

नरेश रात्रपाळी करून नुकताच आलेला. त्याचा चेहराच उतरला. आये, खरं बोल, सारण खाल्लंस ना. मी बोलली गणपतीशप्पथ, कण तोंडात नाय टाकला. पप्पा पण असंच बोलायचे, बोलला, आणि फोन घेऊन गिऱ्हाइकांना सांगायला लागला, आईचे मोदक आजपासून बंद. मी ओटीवर जाऊन बसली. मोदक जातील ते दुःख होतंच, पण पोराला मी खोटारडी वाटली, त्यानं माझं काळीज जळलं हो.

थोड्या वेळानं रोशनी मशीन उचलायला गेली आणि हसायलाच लागली. आई, मशीनला मुंग्या लागल्यात. बघते तर खरंच, जिथं माझा अंगठा होता तिथं रांग, टाकलेल्या पट्टीवर पण. ती बोलली, अहो, तो आकडा बोटाच्या गुळाचा. साबणानं हात धुवायला लावले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं, तर एकशे वीसच्या आत. आता बघा, हात न धुता कोणी उकडीला शिवलं तर मी हाकलून देते, आणि स्वतःचं रक्त बघायला मात्र पदराला पुसलेला हात. मी हसली, रोशनी हसली, नरेश पण हसला आणि हसता हसता रडायला लागला, एवढा बाप्या माणूस. मंग परत सगळ्यांना फोन केले, शिव्या खाल्ल्या, आणि कंपनीच्या कपड्यांतच खोबरं किसायला बसला. करवंटीचे तुकडे निघाले त्यात, ते मी वेचून काढले.

आज पण मोदक चालू हायत, आकडा कधी थोडा वर, कधी खाली, डॉक्टरबाई खूश. आणि रोज सकाळी बोट टोचायच्या आधी नरेश तांब्या घेऊन मोरीपाशी उभा असतो, माझ्या हातावर पाणी घालतो. नळ हाय की घरात, मी त्याला किती वेळा सांगितलं. ऐकत नाय, आणि खरं सांगू, त्यानं ऐकू नये असंच मला वाटतं. तुमच्या पण हातावर कोणी असं पाणी घालणारं मिळो, दुसरं काय देऊ मी तुम्हाला.