रघुच्या अंगावरचा कोट

नाही, मला एक सांगा, माणसाचे कपडे काढले म्हणून बदनाम झालेले लोक तुम्ही पाहिले असतील, पेपरात वाचले असतील... पण माणसाला कपडे घातले म्हणून बदनाम झालेला अख्ख्या अंबरनाथात मी एकटा. दुकानात गिऱ्हाईक नाही, साडूच्या घरचा चहा बंद, बायको ताट आपटून वाढते, आणि का, तर मी एका नागड्या माणसाला कोट घातला. तुम्हीच सांगा, कपडे घालणं हा गुन्हा आहे का?

आता तुम्ही म्हणाल, हा कोण. मी महेंद्र. महेंद्र आर्ट्स, बुवापाडा. पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, रिक्षांच्या मागे मोर काढायचो, मग फ्लेक्स आलं आणि पाट्या गेल्या. राहिले कोण, तर मेलेले. घरातलं माणूस गेलं की लोक फोटो घेऊन येतात आणि मी तेलरंगात मोठा करून देतो, भिंतीला लावायला. आणि फोटो तरी कसले आणतात... आधार कार्डावरचा, ज्यात माणूस आधीच गेल्यासारखा दिसतो. नाहीतर कुणाच्या तरी लग्नातला, ज्यात म्हातारा दुसऱ्याच्या खांद्यामागून अर्धाच. आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, 'दादा, कोट घाला.' म्हातारा सगळा जन्म भाताच्या खाचरात उघडा वाकला, घरच्यांनी कधी धड शर्ट शिवला नाही, पण भिंतीवर पाहिजे कोटात. मग मी घालतो. काळा कोट, तांबडा टाय, खिशाला पेन, मागे ढगांत थोडा उजेड. बाईमाणूस असेल तर हिरवा शालू आणि नथ. इतकी वर्षं घालतोय की आता मानेखाली आलो की माझा हात आपला आपण चालतो, मला विचारत पण नाही.

बाजूला कल्पेशचं फ्लेक्सचं दुकान. तो एकदा माझ्या दुकानात उभा राहून म्हणतो, 'काका, तुमचे सगळे मेलेले सख्खे भाऊ वाटतात.' का रे बाबा? 'तोंड एकच आहे ना सगळ्यांचं.' आणि वर मला मोबाईल दाखवला. कुणाची तरी गेलेली आजी शालू नेसून डोळे मिचकावत होती. दोन मिनिटांत झाली म्हणे. तुम्हाला सांगतो, त्या आजीपायी मला जेवण गेलं नाही. म्हटलं, आता जिवंत माणसाचं तोंड शिकल्याशिवाय आपलं काही खरं नाही.

म्हणून मी तो क्लास लावला. उल्हासनगर, कॅम्प तीन, जीन्सच्या कारखान्याच्या वरचा मजला, दर रविवारी. शिकवायला नेत्रा मॅडम, मुंबईच्या आर्ट कॉलेजातून शिकून आलेल्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. फोनवरच म्हणाल्या, 'काका, न्यूड मॉडेल असतं हं, चालेल ना?' म्हटलं, कलेला काय मॅडम, सगळं चालतं. घरी संजीवनीला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं की फळं काढायला शिकवतात. 'कुठली फळं?' म्हटलं, सीझनची. आणि रविवारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पावडर लावली. 'फळांसाठी एवढं?' संजीवनी म्हणाली. मी चपला शोधत बसलो.

तिथं खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, पंखा बंद, खाली मशिनी धडधडतात आणि वर सगळ्यांच्या पेन्सिली थरथरतात. जागेचा मालक सिंधी शेठ. तो मधूनमधून बंद दाराबाहेर येऊन विचारतो, 'साईं, सिर्फ ड्रॉइंगही हो रहा है ना?' त्याला आत बघायचं पण असतं आणि बघायचं पण नसतं.

आणि आतल्या खोलीतून मॉडेल आलं. बाप्या. पाठमोरा, कमरेला पंचा. गेली माझी पावडर फुकट. त्यानं पंचा सोडला, स्टुलावर बसला, तोंड वळवलं... रघु. माझा साडू. संजीवनीच्या सख्ख्या धाकट्या बहिणीचा, तुळशीचा नवरा. जो स्वतःच्या हळदीला बनियन काढू देत नव्हता तो रघु. आता अशा वेळी काय बोलायचं याची आपल्यात काही पद्धत आहे का? माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, 'काय रघु, जेवलास का?' त्यानं पण सवयीनं मान हलवली. मॅडम म्हणाल्या, 'काका, मॉडेलशी बोलायचं नाही. आणि दादा, तुम्ही हलायचं नाही.' झालं. तो उठू शकत नाही, मी जाऊ शकत नाही.

बरं, रघुचं शरीर म्हणजे... देवानं उरलेल्या मालातून केल्यासारखं. पोट एकाचं, पाय दुसऱ्याचे, आणि गुडघे, शप्पथ सांगतो, आमच्या सासूचे. ते बघायला मी पावडर लावून आलो होतो.

चहाच्या सुट्टीत पंचा गुंडाळून माझ्याजवळ आला. 'साडूभाऊ, तुळशीला सांगू नका. तिला वाटतं मी एमआयडीसीत ओव्हरटाइमला असतो.' म्हटलं, अरे पण का हे? पैशांसाठी? तर म्हणतो, 'पैसे देतात, पण तसं नाही. घरी मी आलो की म्हणतात, टीव्हीसमोरून बाजूला हो. इथं मी बसलो की सगळे माझ्याकडे बघतात. नीट बघतात. ती एक पोरगी आहे ना, ती मागच्या वेळी किती वेळ नुसता माझा कान काढत होती. माझ्या कानाकडे आजपर्यंत कोणी बघितलं होतं का? तुळशीला कळलं तर हे बंद होईल, साडूभाऊ.' मी म्हटलं, कान चांगलाय रे. तर डोळे भरून आले त्याचे. पंच्यातला साडू रडायला लागला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवावा का नाही, हे पण आपल्याला कोणी शिकवलेलं नाही. मी शब्द दिला, कोणाला सांगणार नाही.

आणि मी काढायला बसलो. तुम्हाला सांगतो, पहिल्यांदा माझ्या हातून वेगळं तोंड आलं. रघुचंच तोंड. तो कान, ते ओशाळं हसू, सगळं. मग मान आली... आणि हात निघाला आपल्या वाटेनं. कॉलर, टाय, कोट, खिशाला पेन. मॅडम मागे येऊन उभ्या. 'काका, हे काय आहे?' 'कोट.' 'मॉडेलच्या अंगावर कोट दिसतोय तुम्हाला?' 'नाही ना. म्हणून तर घातला.' सगळा क्लास हसला. नाकात रिंगवाली ती पोरगी, जिनं रघुचं काहीएक बाकी ठेवलं नव्हतं, ती पण हसली. म्हणजे तिनं माझा साडू उघडा टाकला तर ती कलाकार आणि मी झाकला तर मी जोकर. कपडे घालणं हा गुन्हा आहे का? पण मॅडम चेहऱ्याकडे बघत राहिल्या. 'काका, चेहरा मात्र जिवंत आलाय. घरी नेऊन रंगवा.' माझ्या कुठल्या चित्राला कोणी जिवंत म्हणायची ही पहिलीच वेळ होती.

मी आठवडाभर बसून रंगवलं आणि पुढच्या रविवारी सकाळी वाळायला दुकानाच्या दाराबाहेर टांगून क्लासला गेलो. तुम्ही म्हणाल, दुसऱ्याचं गुपित असं बाहेर टांगतात का? अहो, कोट होता ना अंगावर. कोटाच्या आत काय होतं हे कोणाला कळणार? पण बुवापाड्याची रीत वेगळी. माझ्या दुकानावर जो टांगला, तो मेला. लोक सकाळी दूध आणायला जाताना बघून जातात, आज कोण. आणि कल्पेश तर काय, माझ्या साडूला नावानं ओळखतो, माझ्या चित्राचा मोबाईलवर फोटो काढला आणि नाक्यावर फ्लेक्स लावून मोकळा. भावपूर्ण श्रद्धांजली, रघुशेठ. शोकाकुल समस्त मित्र परिवार. रघुला एक मित्र नाही, समस्त कुठून आणला? खाली कल्पेशचा नंबर, फ्लेक्ससाठी संपर्क.

इकडे क्लासमध्ये रघु एक हात वर करून बसलेला, त्याचा फोन बंद, आणि माझा वाजला. संजीवनी. 'अहो, लवकर या. रघुभावजी गेले.' मी समोर बघितलं. रघुभावजी हात वर करून होते. 'कुठे गेले?' 'गेले म्हणजे गेले हो, नाक्यावर फ्लेक्स लागलाय.' म्हटलं, 'नाही गं, जिवंत आहे.' 'तुम्हाला काय माहीत? तुम्ही फळं काढताय ना?' आता सांगा काय करायचं. समोर आहे म्हणावं, तर कुठे, कसा, काय घालून, सगळं सांगावं लागतं. गप्प बसावं, तर मेव्हणी विधवा होते. मी म्हटलं, 'मला आतून वाटतंय.' ती म्हणाली, 'तुमचं आतलं राहू दे, येताना पांढरं कापड घेऊन या.'

मी रघुला तसाच उठवून निघालो, शेअर रिक्षात त्यानं शर्टाची बटणं खालीवर लावली. त्याच्या गल्लीच्या तोंडाशी उतरलो तर ही गर्दी. आमच्या पुढेच दोघं बोलत होते. 'कोण गेलं?' 'तो नाही का, तुळशीचा नवरा.' 'तिला नवरा होता?' 'असेल ना, फ्लेक्स लागलाय.' तिसरा म्हणाला, 'माणूस चांगला होता, कधी दिसला नाही.' आणि आतून तुळशीचं रडणं, 'आता मी कुणावर ओरडू गं...' मी रघुला म्हटलं, चल आत. तर माझी बाही धरून म्हणतो, 'साडूभाऊ, थांबा ना जरा. माझ्यासाठी रडतेय ती.' तोंडावर असा आनंद, तुम्हाला सांगतो, लाज वाटली मला. 'अजून थोडं थांबू,' म्हणाला.

शेवटी शेजारच्या विठाआजीनं त्याला पाहिला आणि बसकण मारली. गर्दी फाटली. नवरा मेलेला परत आला तर बाईनं काय करावं? देवाला हात जोडावेत, मिठी मारावी. तुळशीनं पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, 'कुठे होता तुम्ही?' 'ओव्हरटाइमला.' 'कंपनीत फोन केला मी. वॉचमन म्हणतो रविवारी कंपनी बंदच असते, पहिल्यापासून.' आणि तिनं बोट दाखवलं. माझं चित्र कोणीतरी आणून खुर्चीत ठेवलेलं, हार घालून. 'आणि हा कोट? आपल्या घरात कोट नाही. लग्नात घातला नाही, माझ्या भावाच्या लग्नात सांगितला तर म्हणे गरम होतं. मग कोट-टाय लावून, असं हसून, कुणासमोर बसता रविवारचे?'

कळलं का तुम्हाला? तिला बाईचा संशय आला. इतके रविवार उघडा बसला तेव्हा काही नाही, आणि कोटावरून संशय. रघुनं माझ्याकडे बघितलं. मी हाराकडे बघितलं. 'तुळशी, कोट नव्हता,' रघु म्हणाला. 'मग काय होतं?' तिरडीचे बांबू आणायला निघालेले पण थांबले. रघु म्हणाला, 'काहीच नव्हतं.'

मग सगळं सांगावं लागलं, क्लास, स्टूल, सगळं. मला वाटलं आता तुळशी चप्पल काढणार. काढली असती तर परवडलं असतं हो. तिनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितला आणि हसायला लागली. 'ह्यांना? ह्यांना बघायला येतात लोक?' ती हसली म्हणून बायका हसल्या, मग पुरुष हसले, ज्यांचे डोळे अजून ओले होते ते पण हसले. संजीवनी पण हसली, मग तिला फळं आठवली आणि ती थांबली. मधोमध रघु, बटणं खालीवर, हात कुठे ठेवायचे कळत नाही. क्लासमध्ये कधी एवढा उघडा दिसला नव्हता तो. मग लोक घरी गेले, सगळ्यांची जेवणं राहिली होती.

तेव्हापासून रघु क्लासला जात नाही. चित्र तुळशीनं हार काढून भिंतीवर लावलं. पाहुणे आले की दाखवते, 'हे आमचे.' पाहुणे म्हणतात, वा, काय रुबाब. आणि खाली बसलेल्या रघुला म्हणतात, जरा बाजूला हो, फोटो दिसत नाही. माझ्याकडे गिऱ्हाईक नाही, कारण मी म्हणे जिवंत माणसं टांगतो. संजीवनी माझ्या ताटासमोर रोज अख्खी पपई ठेवते. म्हणते, काढा.

परवा दुपारी रघु दुकानात आला. शटर अर्धं ओढलं, सगळे कपडे काढले, स्टुलावर बसला. 'साडूभाऊ, बघा जरा. आहे तसा काढा.' मी बघितलं. अगदी नीट, तो खांदा, ते पोट, सासूचे गुडघे. कान काढला, तोंड काढलं, मान आली, दात-ओठ खाऊन हात खाली नेला... कॉलर. खोडली. परत कॉलर. मग बटण. मी तरी काय करू? रघुनं उठून येऊन बघितलं. बराच वेळ बघितलं. मग जाऊन परत स्टुलावर बसला.

'असू द्या,' म्हणाला. 'या वेळी टाय तेवढा पिवळा करा. तुळशीला पिवळा आवडतो.'