मागचा जास्त ओढतोय

पनवेलच्या पेट्रोलपंपावर पीयूसीच्या रांगेत प्रांजलची स्कूटर एका जुन्या, मलईरंगी गाडीमागे अडकली होती. गाडीचं इंजिन चालू, बॉनेट उघडं. हसनभाई रबरी नळीचं एक टोक पुढच्या-मागच्या दोन कार्बोरेटरपैकी एकाला आणि दुसरं कानाला लावून उभे होते. शेजारी त्यांची बायको, ताहिरा.

"दोन्ही कार्बोरेटर सारखीच हवा ओढतायत."

"मग गाडी अशी थरथरते का?"

"जुनी झाली."

"काल तुम्ही स्क्रू फिरवायच्या आधी जुनी नव्हती?"

"मागचा कमी ओढत होता, म्हणून वाढवला."

"कुठल्या कानानं ऐकलात?"

"पुढचा उजव्या, मागचा डाव्या. मधे उभं राहिलं की तसंच सोयीचं पडतं."

"आता दोन्ही उजव्यानंच ऐका."

प्रांजलने स्कूटर बंद केली.

"मागचा तर नागासारखा फुसफुसतोय, ताहिरा."

"हं."

"पेचकस दे."

हसनभाईंनी मागचा स्क्रू थोडा उलटा फिरवला, आणि उतू आलेलं दूध खाली बसावं तसं इंजिन निवलं.

"माझा डावा कान कधीपासून गेलाय?"

"आपल्या नशराच्या लग्नापासून. सांगितलं होतं मी तुम्हाला."

"कुठे?"

"गाडीत."

"गाडीत तर तू गप्प बसतेस, असं मला वाटायचं."

"तुमच्या डाव्या बाजूला बसते ना मी. बोलतच असते."

"आज काय बोललीस?"

"सुकापूरपासून सांगतेय, मागचा जास्त ओढतोय म्हणून."

हसनभाईंनी बॉनेट खाली केलं.

"ही घे किल्ली. परत जाताना तू चालव, माझा उजवा कान तुझ्याकडे राहील."

"मग तुम्हाला ऐकावं लागेल."